साखळी, नकाशा आणि सुनावणी : नगररचना विभागाची शंभर वर्षे (1914–2014)

पुण्याच्या शिवाजीनगर भागातल्या जुन्या बंगल्याचा दस्त उघडला, की त्यात हमखास 'एफ.पी. नंबर' सापडतो. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या कागदांत 'टीपीएस' आणि त्यापुढे एक आकडा असतो. वकिलाला आणि दलालाला तो पाठ असतो, घरात राहणाऱ्याला बहुधा त्याची गंधवार्ता नसते. अंतिम भूखंडाचे हे क्रमांक नगररचना योजनांतून आले, आणि त्या योजना ज्या कचेरीने मार्गी लावल्या तिला 2014 मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसल्यावर एक गोष्ट चटकन लक्षात येते. या संस्थेच्या नावावर स्वतःची म्हणावी अशी एकही भव्य वास्तू नाही. तिची कमाई आहे ती नकाशे, तक्ते, अहवाल आणि टिप्पण्यांची. नगररचनाकाराचे कसब आणि त्याची नीती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे या कागदांतूनच समजते. चुकीच्या मोजणीवर काढलेली रेषा आणि कुणाच्या तरी सोयीसाठी वळवलेली रेषा, दोन्हींचा फटका ज्याची जमीन जाते त्याला सारखाच बसतो.

1914 ते 1924 : सल्लागार सर्वेक्षकाची कचेरी

या कामाची निकड निर्माण केली ती प्लेगने. 1896 मध्ये मुंबईत साथ आली, दुसऱ्या वर्षी पुण्यात. दाट वस्ती, कोंडलेली हवा आणि तुंबलेली गटारे हा विषय तोवर आरोग्य खात्याचा मानला जाई, तो आता सरकारचा झाला. 1898 च्या कायद्याने मुंबईत सुधार न्यास आला. त्याची पद्धत रोखठोक होती. जागा संपादन करायची, चाळी पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे. रस्ते झाले आणि ते आजही उपयोगी पडतात, पण पाडलेल्या खोल्यांतली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. संपादनाचा खर्चही सरकारला पेलेना.

तेव्हा नजर जर्मनीकडे वळली. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्ट्स आडिकेस यांच्या पुढाकाराने 1902 मध्ये तिथे एक कायदा झाला होता. शहराच्या कडेच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड पाडून त्याच मालकांना परत द्यायची. 1914 मध्ये पुण्यात मुंबई सरकारच्या सल्लागार सर्वेक्षकाची कचेरी सुरू झाली आणि ए. ई. मिराम्स तिचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी मुंबई नगररचना अधिनियम, 1915 आला. देशातला या विषयावरचा हा पहिला कायदा.

या योजनेचा गाभा एका लांबलचक तक्त्यात असतो, आणि तो नीट वाचता येणे हीच खात्यातली पहिली परीक्षा समजली जाई. डावीकडे मालकाचे नाव, सर्व्हे नंबर, मूळ भूखंडाचे क्षेत्र आणि त्याची आजची किंमत. मध्ये अंतिम भूखंडाचा क्रमांक, त्याचे घटलेले क्षेत्र आणि त्याची नवी किंमत. उजवीकडे हिशेब : जमीन किती गेली, तिची भरपाई किती, रस्ता आल्यामुळे मोल किती वाढले आणि त्या वाढीतला किती भाग मालकाने योजनेच्या खर्चाला द्यायचा. हा भाग वाढीच्या निम्म्यापेक्षा अधिक असू नये, असे बंधन होते. वाढलेले मोल मालकाच्या घामाने आलेले नाही, सार्वजनिक रस्त्याने आलेले आहे, म्हणून त्यातला वाटा समाजाचा, हा विचार शंभर वर्षांपूर्वी एका तक्त्याच्या रकान्यात बसवलेला होता. आज त्यावर परिसंवाद होतात.

तक्ता करणारा माणूस लवाद म्हणून बसे आणि खरी कसोटी तिथे लागे. प्रत्येक मालकाला नोटीस द्यायची, प्रत्येकाचे ऐकायचे, आणि शेजारच्या दोन भूखंडांना वेगवेगळा दर का लावला हे लेखी सांगायचे. दर ठरवताना एका हाताचे माप दुसऱ्या हाताला कळू न देण्याची सोय नव्हती, कारण सगळे रकाने एकाच कागदावर शेजारी शेजारी उभे असत. एकाला झुकते माप दिले, की दुसऱ्याच्या रकान्यात ते उघडे पडे. अहमदाबादेत जमालपूर आणि एलिसब्रिज, मुंबईच्या उपनगरांत वांद्र्यापासून पुढे, पुण्यात भांबुर्डा म्हणजे आताचे शिवाजीनगर, या भागांत योजना मूळ धरू लागल्या.

याच दशकात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस भारतात आले. 1914 मध्ये ते मद्रासला निघाले तेव्हा त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. त्यांनी पुन्हा जमवाजमव करून प्रदर्शन भरवलेच. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि ते त्याचे पहिले प्राध्यापक झाले. गेडिस काही या कचेरीचे नोकर नव्हते, पण इथल्या कामावर त्यांची छाया राहिली. आधी पायी हिंडा, गल्ली पाहा, विहीर कुठे आहे, पिंपळ कुठे आहे, बायका पाण्याला कोणत्या वाटेने जातात ते पाहा आणि मग पेन्सिल हातात घ्या, असा त्यांचा आग्रह असे. सरसकट पाडापाडीऐवजी अगदी आवश्यक तेवढीच काटछाट करावी, असे ते सांगत. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ज्या गल्ल्या अधिक स्वच्छ होतील त्यांतूनच ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपणहून घरे झाडली, कचरा उपसला. आज ज्याला लोकसहभाग म्हणतात त्याचा इतका सोपा आणि इतका यशस्वी नमुना नंतर फारसा पाहायला मिळाला नाही.

1924 ते 1944 : संथ वर्षे

या दोन दशकांवर लिहिण्यासारखे फार नाही. मंदी आली, मग महायुद्ध आले आणि पैसा आटला. योजना रेंगाळल्या. आशय जाहीर झाल्यापासून अंतिम मंजुरीपर्यंत इतकी वर्षे जात, की तक्त्यात नाव असलेला मालक वारलेला असे आणि त्याच्या जागी चार वारस उभे असत. कायद्याला एक मोठी मर्यादाही होती. तो शहराच्या कडेच्या, बांधकामाला नुकत्याच लागलेल्या जमिनींपुरताच होता. शहराच्या पोटातल्या वस्तीकडे पाहण्याचा अधिकार या कचेरीला नव्हता.

मात्र याच काळात कामाची घडी बसली. साखळी ओढणारे, प्लेन टेबल लावणारे, कापडावर शाईने नकाशे उतरवणारे अनुरेखक आणि आरेखक यांची एक पिढी इथे तयार झाली. नकाशावर सही असे ती साहेबांची, तो बिनचूक असे तो यांच्यामुळे. त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत, म्हणून या स्मरणिकेत त्यांचे ऋण आधी मान्य केलेले बरे. मूल्यनिर्धारणाचे कामही याच काळात वाढले. सरकारला जागा घ्यायची असली की किंमत सांगायची ती याच कचेरीने. शेतकऱ्याला मिळणारा मोबदला आणि सरकारी तिजोरीतून जाणारा पैसा या दोन्हींचा भार एकाच आकड्यावर असे, आणि तो आकडा काढणाऱ्याला दोन्ही बाजूंची बोलणी खावी लागत. सरकारच्या नोकरीत असून सरकारची बाजू घ्यायची नाही, ही गोष्ट कोणत्याही नियमावलीत लिहून शिकवता येत नाही. वरिष्ठ अधिकारी आपली टिप्पणी कशी लिहितो हे पाहूनच कनिष्ठ ती शिकतो.

1944 ते 1954 : स्वातंत्र्य आणि शहरांचा लोंढा

महायुद्ध संपताना मुंबई फुगलेली होती. ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी 1948 मध्ये बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. शहर बेटात मावणार नाही, ते उपनगरांत आणि खाडीपलीकडे न्यावे लागेल, हे तिथे स्पष्ट म्हटलेले होते. त्या रूपरेषेला कायद्याचे बळ नव्हते, तरी पुढच्या प्रत्येक आराखड्याने तिच्याकडून उसनवारी केली. फाळणीनंतर निर्वासित आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. नियोजनाआधी माणसे आली तर काय होते, हे महाराष्ट्राला तिथे प्रथम कळले.

1951 मध्ये देशपातळीवर नगररचनाकारांची व्यावसायिक संस्था स्थापन झाली. वैद्याला आणि वकिलाला जशी आचारसंहिता असते तशी ती नगररचनाकारालाही हवी, ही जाणीव तिथून रुजली. विभागातल्या अनेकांनी या संस्थेच्या परीक्षा दिल्या, काहींनी पुढे तिथे शिकवलेही.

1954 ते 1964 : विकास योजना आली

मुंबई नगररचना अधिनियम, 1954 हा 1 एप्रिल 1957 पासून अमलात आला आणि कामाचे स्वरूपच पालटले. आतापर्यंत तुकड्यातुकड्याने योजना होत, आता नगरपालिकेने आपल्या साऱ्या हद्दीची विकास योजना करणे बंधनकारक झाले. शाळा, बाजार, दवाखाना, मैदान आणि रस्ता यांची आधीच आखणी करायची आणि त्या जागा आरक्षित ठेवायच्या. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भ आणि मराठवाडा जोडले गेले. हैदराबाद आणि मध्य प्रांताच्या वेगळ्या परंपरा सोबत आल्या. नागपुरात तर 1936 च्या कायद्याचा सुधार न्यास आधीपासून काम करत होता.

विकास योजनेची पहिली पायरी म्हणजे विद्यमान जमीन वापराचा नकाशा. सर्वेक्षकांची तुकडी सिटी सर्व्हेचे कागद घेऊन गावात उतरे. घराघरांपुढे थांबून खाली दुकान, वर राहती घरे, मागे पिठाची गिरणी अशी नोंद करी. संध्याकाळी कचेरीत किंवा एखाद्या धर्मशाळेत बसून त्या नोंदी रंगवल्या जात : राहत्या घराला पिवळा, उद्योगाला जांभळा, बागेला हिरवा. गिरणीवाला म्हणे, 'साहेब, जांभळा नको, पिवळाच ठेवा.' त्याला कुणीतरी सांगितलेले असे, की जांभळ्या रंगावर कर जास्त. हा नकाशा कंटाळवाणा असतो, त्याला कुणी हार घालत नाही. पण तो चुकला, की वरचे सगळे चुकते. पाच दशकांनंतर महानगरांत खासगी सल्लागारांकडून उपग्रहाच्या चित्रांवर असे नकाशे झाले आणि नागरिकांनी त्यांत मंदिरे, शाळा आणि झाडे चुकीच्या ठिकाणी पकडून दिली, तेव्हा पायी हिंडणाऱ्या त्या सर्वेक्षकांची किंमत पुन्हा कळली.

1960 मध्ये राज्ये वेगळी झाली, तशी कचेरीही वाटली गेली. इथे एक निर्णय न घेताच घेतला गेला असे म्हणावे लागेल. गुजरातने नगररचना योजनेची वाट सोडली नाही आणि अहमदाबाद त्याच पद्धतीने वाढत राहिले. महाराष्ट्राने भर दिला तो विकास योजना, आरक्षण आणि संपादनावर. जमिनीच्या वाढलेल्या मोलातला वाटा समाजाला देणारा तो जुना तक्ता आपण हळूहळू कपाटात ठेवून दिला. त्याची भरपाई पुढे फार महाग पडली.

1961 च्या 12 जुलैला पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती त्या पुरातून उभ्या राहिल्या आणि नदीकाठ मोकळा ठेवण्याचा प्रश्न प्रथमच सामान्य माणसाच्या तोंडी आला.

1964 ते 1974 : एमआरटीपीचे दशक

विभागाच्या शंभर वर्षांत हे दशक सर्वांत भरगच्च. मुंबई आणि पुणे परिसराच्या प्रादेशिक नियोजनासाठी धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याआधी स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने मुंबईचा विचार केलेला होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळ्या शहराची कल्पना मांडली होती. शहराचा प्रश्न शहराच्या हद्दीत सुटत नाही, हा या साऱ्यांचा समान सूर. त्यातून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आकाराला आला आणि 11 जानेवारी 1967 पासून लागू झाला. खात्यात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. तो 'एमआरटीपी', आणि त्याची कलमे इंग्रजी आकड्यांनीच ओळखली जातात : 'ट्वेंटी-सिक्सची नोटीस', 'थर्टी-सेव्हनचा प्रस्ताव', 'वन ट्वेंटी-सेव्हन'.

या कायद्याने प्रादेशिक योजना, विकास योजना आणि नगररचना योजना अशी उतरंड लावली. नव्या नगरांसाठी प्राधिकरणाची सोय केली आणि 1970 च्या मार्चमध्ये सिडको उभी राहिली. मुंबई महापालिकेच्या पहिल्या विकास योजनेने भूखंडाच्या किती पट बांधता येईल हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक आणला. तो आकडा पुढे बांधकाम व्यवसायाचा श्वास होऊन बसला, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानी नसावे.

या कायद्यातली आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे सुनावणी. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचना मागवायच्या. त्या ऐकायला नियोजन समिती : स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. लोकप्रतिनिधी आणि तज्ज्ञ एकाच टेबलाला बसवणारी ही रचना अनेकदा खडखडली, पण मोडली नाही.

सुनावणीचा दिवस ज्याने पाहिला त्याला नगररचना वेगळी शिकवावी लागत नाही. नगरपरिषदेच्या सभागृहात सकाळपासून माणसे बसलेली असतात. हातात सातबारा, फेरफार, कुणाकडे टिपणाची जीर्ण नक्कल. नाव पुकारले की माणूस पुढे येतो. आरेखक नकाशावर त्याचा गट शोधतो, बोट ठेवतो. आपल्या रानावरून अठरा मीटर रुंदीचा रस्ता गेलेला माणूस तिथे पहिल्यांदा पाहतो. 'साहेब, ही विहीर नकाशात दिसत नाही,' एवढेच तो म्हणतो. वाद घालत नाही. आता समितीपुढे दोन मार्ग असतात. 'हरकत फेटाळली, रस्ता सार्वजनिक हिताचा' असा शिक्का मारून पुढचे नाव पुकारायचे. नाहीतर जागेवर जायचे, विहीर पाहायची आणि रस्ता थोडा सरकवला तर शेजारच्याचे काय होते तेही पाहायचे. रस्ता सरकवणे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात तो नेणे. ज्याने हरकत घेतली नाही, कारण त्याला जाहिरात वाचता आली नाही किंवा तो मजुरीला परगावी होता, त्याच्यावर तो ढकलायचा का? चांगला नगररचनाकार गैरहजर माणसाची बाजूही टिप्पणीत लिहून ठेवतो. असे अधिकारी या विभागाला प्रत्येक पिढीत लाभले. त्यांची नावे घ्यायची तर यादी लांबेल आणि एखादे राहून गेले तर रुसवा होईल, म्हणून ती टाळतो.

1974 ते 1984 : विस्तार

राज्यभर नगरपालिकांच्या विकास योजना करण्याचा हा काळ. मोठ्या महापालिकांकडे स्वतःची यंत्रणा होती, लहान गावांची भिस्त मात्र विभागाच्या जिल्हा शाखांवर. एका शाखेत दोन-तीन अधिकारी, तीन-चार आरेखक आणि अख्खा जिल्हा. 1975 मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी वेगळे प्राधिकरण झाले, पाठोपाठ घरबांधणीसाठी म्हाडा आली. विभागातली माणसे प्रतिनियुक्तीवर सगळीकडे गेली. प्रतिनियुक्ती ही दुधारी गोष्ट. ज्या महापालिकेत काम करायचे तिथला पगार घ्यायचा, तिथल्या पदाधिकाऱ्यांना रोज तोंड द्यायचे आणि मत मात्र संचालनालयाच्या शिस्तीने नोंदवायचे. विभाग आणि महापालिकांचे अभियंते यांच्यात, तसेच वास्तुशास्त्रातून आलेले आणि अभियांत्रिकीतून आलेले यांच्यात, काही मतभेद झाले. ते घरातले होते, घरातच मिटले.

आरक्षणांचा डोंगर याच दशकात वाढला. नकाशावर शाळा आखायला शाई लागते, जागा ताब्यात घ्यायला पैसा लागतो, आणि पालिकांकडे तो नव्हता. मालकाला ना बांधता येई, ना विकता येई. कायदा करणाऱ्यांनी याचा अंदाज बांधून कलम 127 ठेवलेले होते. योजना मंजूर होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत व्हावे. हे कलम न्यायाचे होते. पण नोटीस दप्तरात कुठेतरी पडून राहिली आणि मुदत टळली, असेही घडू लागले. एक कागद वेळेवर पुढे सरकला नाही, की गावाचे मैदान जाते. आळस आणि लबाडी यांतला फरक अशा वेळी बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही, आणि त्याने तो ओळखावा अशी अपेक्षा करण्यातही अर्थ नाही.

1984 ते 1994 : न्यायालये, घटनादुरुस्ती आणि भूकंप

1987 मध्ये पुण्याची सुधारित विकास योजना मंजूर झाली. 1991 मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले. जागेच्या बदल्यात पैसा नाही तर चटई क्षेत्र द्यायचे. पालिकेची पंचाईत सुटली, आरक्षणे ताब्यात येऊ लागली. मात्र एका जागेवरून उचललेले चटई क्षेत्र दुसरीकडे उतरवले, की तिथले पाणी, गटार आणि रस्ता त्याला पुरतील का, हा हिशेब मागे पडला.

1991 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे रद्द ठरवले. मोकळी जागा हा रहिवाशांचा हक्क आहे, सरकारने वाटायचा माल नव्हे, हे त्या निकालाने पक्के केले. इथल्या प्रशिक्षणवर्गांत तो पुढे वारंवार चर्चिला गेला. 1993 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय नगर नियोजन. शहराचे नियोजन हे शहराचेच काम, असे राज्यघटनेने म्हटले. प्रत्यक्षात योजनेवरची अंतिम सही मंत्रालयातच होत राहिली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद हादरले. किल्लारीसह पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, प्रत्येक घर सुटे. भूकंपाच्या भीतीने ते समजण्यासारखे होते. पण वाड्याच्या चौकात वाढलेल्या, भावकीच्या आळीत राहिलेल्या माणसांना त्या मोकळ्या आखणीत शेजार सापडेना आणि शेत लांब पडले. घर भक्कम, पण गाव नाही, असे तिथले लोक म्हणत. नगररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गावे पाहायलाच हवीत. नकाशा घाईत आखला, की गेडिसचा पिंपळ आणि विहीर विसरली जाते, ते इथे दिसते.

1994 ते 2004 : पडद्यावरचा नकाशा

टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेने आणि अमोनियाच्या वासाच्या प्रिंटा मागे पडल्या, संगणक आला. जुने आरेखक नव्या पोरांकडून माउस धरायला शिकले आणि पोरे त्यांच्याकडून फाळणी नकाशा वाचायला. मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यांचे, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या रेडी रेकनरचे, काम वाढले. मूल्यनिर्धारणाची जुनी शिस्त इथे कामी आली. पुण्यात नव्याने आलेल्या गावांच्या योजनेत टेकड्यांवर जैवविविधता उद्यान आखले गेले. त्यावरून शहरात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून या लेखात त्याला एवढीच जागा.

2004 ते 2014 : उजेडातल्या फायली

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी नकाशात नाल्यासारखी बारीक झाली होती, ती त्या दिवशी आपल्या मूळ रुंदीने परतली. त्याच वर्षी माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. टिप्पणी आता बाहेर वाचली जाऊ लागली. 'वरिष्ठांच्या तोंडी आदेशानुसार' असे मोघम लिहून सुटका करून घेण्याचे दिवस संपले. मत वेगळे असेल तर ते कारणांसह लिहा, निर्णय वर झाला तरी तुमचे पान फायलीत राहू द्या, ही जुन्या मंडळींची शिकवण अचानक व्यवहारोपयोगी ठरली.

त्याचे ठळक उदाहरण पुण्यातले. प्रभात रस्त्यावरचा एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी राखलेला होता. आरक्षण हटवून तिथे इमारत उभी राहिली. 1999 मध्ये उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. न्यायालयाने कुणी कोणत्या तारखेला काय टिप्पणी लिहिली ते पानोपानी तपासले. कलम 37 खालचा किरकोळ फेरबदल हा एका मालकाच्या सोयीचा दरवाजा होऊ शकत नाही, हे त्यातून सर्वांना समजले. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्ये कलम 127 चा अर्थ लागला. संपादनासाठी नुसता पत्रव्यवहार केला म्हणजे पावले पडली असे होत नाही. पालिकांची धावपळ उडाली, पण शिस्तही आली.

2014 मधले काम पाहू. पुण्यातल्या संचालनालयाच्या हाताखाली कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर या सहा विभागांतली कार्यालये आणि जिल्हा शाखा चालत होत्या. लहान शहरांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सुधारित विकास योजना सुरू होत्या, ज्या जिल्ह्यांना प्रादेशिक योजना नव्हती त्यांच्यासाठी ती हाती घेतलेली होती. उपग्रह चित्रे आली होती, तरी जागेवर जाऊन ताळा करण्याचा दंडक कायम होता. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या सुधारित योजनेवर हजारोंच्या संख्येने हरकती आल्या. इतक्या माणसांना ऐकायला सभागृहे, दिवस आणि कान तिन्ही अपुरे पडतात. सारख्या विषयाच्या हरकती एकत्र ऐकाव्यात की प्रत्येकाला स्वतंत्र वेळ द्यावा, यावर विभागात दोन मते होती. प्रस्तुत लेखकाला दुसरे पटते, मग कितीही दिवस लागोत.

1 जानेवारी 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. मोबदला शहरात बाजारभावाच्या दुप्पट, ग्रामीण भागात चौपटीपर्यंत जाऊ शकतो. जमीन देणाऱ्याच्या दृष्टीने हे उशिरा का होईना, पण रास्त झाले. नगरपालिकांच्या दृष्टीने मात्र पैसे मोजून आरक्षण ताब्यात घेणे जवळपास अशक्य होऊन बसले. त्यामुळे 1915 च्या त्या तक्त्याकडे, जमिनी एकत्र करून सर्वांना थोडे कमी आणि सर्वांना थोडे अधिक देणाऱ्या नगररचना योजनेकडे, पुन्हा पाहिले जाऊ लागले. तो तक्ता भरता येणारे फार थोडे अधिकारी तेव्हा सेवेत उरले होते. निवृत्तांपैकी काहींनी नव्या सहायक नगररचनाकारांसाठी वर्ग घ्यायची तयारी दाखवली, आणि त्यासाठी जुन्या योजनांचे मूळ तक्ते अभिलेखातून काढून झटकण्याचे काम सुरू झाले.